सापसुरळीच्या पेटीतला वाफसा

सापसुरळी हा सरड्यांच्या गटातला, सिंसिडी कुळातला प्राणी. अंग गुळगुळीत आणि तुकतुकीत, पाय आखूड, चाल सापासारखी वळवळती. म्हणून गावोगाव तिला ‘सापाची मावशी’ म्हणतात. तिला विष नसते. जगात या कुळाच्या सतराशेहून अधिक जाती आहेत आणि सरड्यांमधले हे सर्वांत मोठे कूळ आहे. कराडला लागून असलेल्या मलकापूरच्या परिसरात उसाच्या पाचटात, दगडी बांधांत, घराच्या परसात दिसते ती बहुधा युट्रोपिस कॅरिनाटा ही मोठी सापसुरळी. युट्रोपिस मॅक्युलारिया ही तिची लहान बहीण गवतात आणि पालापाचोळ्यात वावरते. रिओपा वंशातल्या बारीक सापसुरळ्या मातीत घुसून राहतात. घरात पाळल्या जातात त्या मात्र वेगळ्या: ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि इंडोनेशियाच्या बेटांवरच्या निळ्या जिभेच्या, पश्चिम आफ्रिकेच्या जंगलातल्या लाल कुशीच्या, किंवा उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानच्या वाळूत पोहणाऱ्या. पाळणारे त्यांना स्किंक या इंग्रजी नावानेच ओळखतात. त्यांच्या संगोपनात खाणे आणि ऊब यांची काळजी बहुतेक जण घेतात. चूक होते ती ओलाव्यात.

ओलावा का लागतो, हे या प्राण्याच्या कातडीपासून समजून घ्यावे लागते. सापसुरळीचे खवले एकमेकांवर कौलांसारखे बसलेले असतात आणि त्यांच्याखाली हाडाच्या बारीक चकत्या असतात. एवढे चिलखत पाणी बाहेर जाऊच देत नसेल असे वाटते, पण पाणी अडवण्याचे काम खवले करत नाहीत. ते कातडीतला स्निग्ध पदार्थांचा पातळ थर करतो. जन्मतः खवले नसलेल्या एका सापाच्या शरीरातून पाणी किती गतीने जाते हे १९७२ मध्ये मोजले गेले, तेव्हा ती गती खवले असलेल्या सापाएवढीच निघाली. कोरड्या मुलखातल्या जातींत हा अडसर घट्ट असतो आणि दमट जंगलातल्या जातींत सैल. जंगलातली सापसुरळी कोरड्या पेटीत ठेवली तर तिच्या कातडीतून आणि श्वासातून पाणी सतत जात राहते. हवेतला ओलावा ती कातडीने पिऊ शकत नाही. पाणी तिला तोंडानेच प्यावे लागते. दमट हवेमुळे फक्त शरीरातून जाणारे पाणी कमी होते. म्हणून आर्द्रता कितीही नेमकी राखली तरी पाण्याचे भांडे काढून घेता येत नाही.

ओलावा दुसऱ्यांदा लागतो तो कात टाकताना. साप अखंड कात टाकतो, सापसुरळीची कात तुकड्यातुकड्यांनी निघते. जुना थर सुटण्यापूर्वी दोन थरांच्या मध्ये द्रव साचतो. हवा फार कोरडी असेल तर जुना थर त्याआधीच वाळून चिकटून बसतो. पाठीवर राहिलेला तुकडा फारसा त्रास देत नाही. बोटांवर आणि शेपटीच्या टोकावर राहिलेला तुकडा मात्र दोऱ्यासारखा आवळतो, रक्त पोहोचेनासे होते आणि बोट काळे पडून गळते. पाळीव सापसुरळ्यांमध्ये बोटे गेलेली जी जनावरे दिसतात, त्यांतल्या अनेकांची कहाणी ही एवढीच असते. प्रत्येक कातेनंतर वीसच्या वीस बोटे पाहण्याची सवय ठेवली तर हे टळते.

आता आर्द्रतेच्या आकड्याकडे. उपकरणावर दिसते ती सापेक्ष आर्द्रता असते, म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावेल तिच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे ते. हवा तापली की तिच्यात अधिक वाफ मावते, त्यामुळे पाण्याचा एक थेंबही कमी न होता आकडा खाली येतो. मलकापूरच्या हवेला शोभतील अशी तीन उदाहरणे घेऊन हिशेब मांडता येतो. जानेवारीतली पहाट, तापमान १५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के: एका घनमीटर हवेत सुमारे १० ग्रॅम वाफ. एप्रिलची दुपार, ३७ अंश आणि २२ टक्के: साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. जुलैतला पावसाळी दिवस, २४ अंश आणि ९० टक्के: साडेएकोणीस ग्रॅम. दव पडलेली थंडीची पहाट आणि अंगाची लाही करणारी उन्हाळी दुपार यांच्या हवेत पाणी जवळपास सारखेच असते! फरक आहे तो तापमानाचा. जानेवारीतली तीच हवा पेटीत शिरून दिव्याखाली ३२ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता ८० वरून २९ टक्क्यांवर येते. बाहेर दव पडलेले असताना पेटीत मात्र वाळवंट असते. जुलैतली हवा त्याच दिव्याखाली तापली तर आकडा ५७ च्या आसपास थांबतो आणि पेटीच्या थंड टोकाला तो नव्वदच राहतो.

पाळीव सरड्यांविषयीची बहुतेक पुस्तके थंड देशांतल्या बंद, हिवाळ्यात तापवलेल्या घरांसाठी लिहिलेली आहेत. तिथे बाहेरची हवा घरात फारशी येत नाही. मलकापुरात दारे-खिडक्या उघड्या असतात, खोलीची हवा ही बाहेरचीच हवा असते, आणि ती वर्षभरात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते. शिवाय सातारा आणि सांगली जिल्ह्यांत अंतराप्रमाणेही हवा बदलते. कोयनानगरला वर्षाला सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पन्नासेक किलोमीटर पूर्वेला, कराड-मलकापूरला, तो ७०० मिलिमीटरच्या आसपास उतरतो. आणखी पूर्वेला माण, खटाव, आटपाडीकडे गेले की ५०० च्या घरात. कोयनेच्या खोऱ्यात आणि माणदेशात एकाच पद्धतीने पेटी लावून चालणार नाही.

इथल्या लोकांना हवेचा ओलावा उपकरणाविना कळतो. एप्रिलमध्ये माठातले पाणी गारेगार होते, कारण हवा कोरडी असल्याने माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी झपाट्याने उडते; जुलैत तोच माठ नावापुरता उरतो. तासगावकडे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेडमध्ये द्राक्षांचा बेदाणा होतो तो याच कोरड्या हवेवर. पावसाळ्यात पापड सादळतात आणि मिठाला पाणी सुटते. मिठाची खूण तर मोजमापाइतकी नेमकी आहे: शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला पाणी ओढून विरघळू लागते. जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते त्याआधीच ओलसर होते. स्वयंपाकघरातले बारीक मीठ ओले झाले असेल तर खोलीची हवा ७५ च्या वर गेली असे बिनदिक्कत समजावे.

सापसुरळी मात्र खोलीच्या हवेत राहत नाही. रानातही ती खुल्या हवेत जगत नाही. एप्रिलच्या दुपारी मलकापूरजवळच्या आगाशिव डोंगराच्या उतारावर हवा भाजून काढत असते, तेव्हा ती दगडाखाली, काळ्या जमिनीच्या भेगेत किंवा मुळांच्या पोकळीत असते. तिथे हवा थंड असते आणि मातीतल्या ओलीमुळे वरच्यापेक्षा कितीतरी दमट. जमिनीखाली हवा वेगळी असते हे सांगलीच्या लोकांना नव्याने सांगायला नको. हरिपूरला कृष्णाकाठच्या घट्ट मातीत खोदलेल्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षे टिकत असे, वर पावसाळा असो की उन्हाळा. २००५ च्या महापुरात पाणी शिरले तेव्हा त्या पेवांचे मोठे नुकसान झाले. पेव कोरडे राहते आणि बीळ दमट, तरी तत्त्व एकच: माती वरच्या हवेला आत येऊ देत नाही. त्यामुळे ‘या जातीच्या मुलखात अमुक टक्के आर्द्रता असते’ ही वेधशाळेची नोंद पेटीसाठी अपुरी पडते. ती जात ज्या फटीत झोपते तिथली हवा कशी आहे, हे महत्त्वाचे.

तरीही जातीनुसार ढोबळ मर्यादा सांगता येतात. वाळूत पोहणारी सापसुरळी आणि ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष भागातली आखूड शेपटीची टिलिक्वा रुगोसा यांना कोरडी हवा मानवते. पेटीची हवा ३० ते ४० टक्के असली तरी त्यांचे भागते; मात्र वाळूच्या तळाशी एका कोपऱ्यात थोडी ओल त्यांनाही हवी असते. उत्तर ऑस्ट्रेलियातली निळ्या जिभेची सापसुरळी ४० ते ६० टक्क्यांत चांगली राहते. तिच्या मुलखात काही महिने धो धो पाऊस आणि बाकीचे महिने कोरडे असा क्रम असतो. हा क्रम मलकापूरसारखाच असल्याने इथल्या ऋतुबदलाला ती इतरांपेक्षा बरी तोंड देते. न्यू गिनी आणि मोलुक्का बेटांवरची टिलिक्वा गिगास दिसायला तिच्यासारखीच, पण तिला ६० ते ८० टक्के लागतात. दोघींना एकच समजून ठेवणे ही नेहमीची चूक आहे, आणि तिची किंमत बेटावरच्या सापसुरळीची बोटे मोजतात. पश्चिम आफ्रिकेच्या लाल कुशीच्या जातीला ६० ते ७० किंवा थोडे अधिक. न्यू गिनीच्या लाल डोळ्यांच्या, मगरीसारख्या काटेरी पाठीच्या ट्रायबोलोनोटस ग्रॅसिलिसला ७५ ते ९० टक्के दमटपणा आणि २४ ते २८ अंशांचा गारवा दोन्ही लागतात. मलकापूरच्या एप्रिल-मेमध्ये खोली थंड ठेवण्याची सोय नसेल तर ही जात आणूच नये.

पेटीत हा ओलावा निर्माण करण्याचा आणि टिकवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे तळाची माती. शेतकऱ्याला वाफसा माहीत असतो: पावसानंतर चिखल आटून गेलेला, पण माती कोरडी पडलेली नाही, कणांच्या मध्ये हवाही आहे आणि ओलही. पेरणीला जमीन जशी हवी तशीच सापसुरळीला तळमाती हवी. कोकोपीट, चाळलेली माती, थोडी वाळू आणि वर वाळलेला पालापाचोळा हे मिश्रण चांगले. कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरते, म्हणून त्यावरच विसंबले तर माती सहज जास्त ओली होते. मूठभर मिश्रण दाबले की लाडू वळावा, बोटांतून पाणी गळू नये आणि बोटाने टोचले की लाडू फुटावा. थर निदान ८ ते १० सेंटीमीटरचा हवा, घुसून राहणाऱ्या जातींसाठी त्याहून जाड. पाणी वरून शिंपडण्याऐवजी पेटीच्या थंड टोकाला, कोपऱ्यात, सावकाश ओतावे; ते तळाशी उतरते आणि हळूहळू वर येते. अशा रीतीने तळ ओला आणि पृष्ठभाग कोरडा राहतो. पोट सतत ओल्या मातीवर टेकून राहणे हे बहुतेक जातींना कोरड्या हवेपेक्षाही बाधते, म्हणून पृष्ठभाग कोरडा राहण्याला एवढे महत्त्व.

त्याच्या जोडीला ओला निवारा. परदेशी पुस्तके त्यासाठी प्लास्टिकचा डबा आणि त्यात दलदलीतले शेवाळ सुचवतात. इथे त्याहून चांगली वस्तू कुंभाराकडे मिळते. न रंगवलेले लहान मडके आडवे करून अर्धे मातीत पुरावे, तोंडाच्या कडा घासून बोथट कराव्यात आणि आत ओलसर शेवाळ किंवा काथ्या घालावा. खापर पाणी धरते, हळूहळू सोडते आणि आतली हवा दमट व गार ठेवते. असे एक मडके थंड टोकाला ठेवले आणि उबेच्या टोकाला कोरडी फरशी किंवा लाकडाचे ढलपे ठेवले की जनावर स्वतःच ठरवते. कात टाकायच्या दिवसांत ते मडक्यात मुक्काम करते, खाल्ल्यावर दिव्याखाली येते. ही निवड जनावराच्या हाती देणे हाच आर्द्रतेच्या व्यवस्थेचा गाभा आहे. पेटीभर एकच आकडा साधण्याची धडपड करताना नेमकी हीच निवड हिरावली जाते.

ओलाव्याइतकीच हवा खेळती राहणे गरजेचे. आकडा वर न्यायचा म्हणून झाकणाची जाळी पूर्ण बंद केली तर आर्द्रता वाढते, पण हवा कोंदट होते, काचेवर पाणी सुटते आणि चार दिवसांत मातीवर बुरशी येते. वरच्या जाळीचा निम्मा किंवा दोन तृतीयांश भाग काचेने झाकावा आणि खाली एका बाजूला हवेला वाट ठेवावी. गरम हवा वरून निघते आणि ताजी खालून येते. आतून नीट लुकण न दिलेली लाकडी पेटी पावसाळ्यात फुगते, म्हणून सांधे आधीच बुजवावेत.

फवारणी उपयोगी आहे, पण ती पुरेशी नाही. सकाळी फवारले की आकडा उसळी मारतो आणि उन्हाळ्यात तासाभरात पुन्हा पूर्वपदावर येतो. फवारणीचा खरा लाभ असा की काही जाती भांड्यापेक्षा पानांवरचे थेंब चाटून पाणी पितात. मलकापूर चोवीस तास पाणीपुरवठ्यासाठी ओळखले जाते, तेव्हा पाण्याची वाण नाही. फवाऱ्याच्या तोंडाशी क्षार बसत असतील तर उकळून गाळलेले पाणी वापरावे. धुके सोडणारी यंत्रे दिसायला आकर्षक असतात, पण त्यांचे साठवलेले पाणी रोज बदलले नाही तर त्यात वाढलेले जंतू थेट फुप्फुसात जातात. मडके आणि वाफशातली माती असताना त्या यंत्रांची गरज फारच थोड्या जातींना पडते.

मोजण्याचे साधनही तपासून घ्यावे लागते. काटा फिरणारे स्वस्त आर्द्रतामापक दहा-पंधरा टक्क्यांनी सहज चुकतात. अंक दाखवणारे बरे, पण त्यांनाही वर्षातून एकदा पारखावे. बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ घेऊन थेंब थेंब पाणी घालावे, म्हणजे ओल्या वाळूसारखा लगदा होतो. ते बूच आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत शेजारी शेजारी ठेवावेत, लगदा मापकाला लागू देऊ नये. बारा तासांनी मापकाने ७५ दाखवायला हवेत. ६९ दाखवले तर ते सहा टक्के कमी सांगते, हे चिठ्ठीवर लिहून त्यालाच चिकटवावे. पेटीत मापक काचेवर उंच लावून उपयोग नाही. एक उबेच्या टोकाला आणि एक मडक्याच्या तोंडाशी, जनावराच्या उंचीवर हवा.

वर्षाचा क्रम मलकापुरात साधारण असा बसतो. मार्च ते मेमध्ये कोपऱ्यातून आठवड्याला दोन-तीनदा पाणी, जाळीचा बराच भाग झाकलेला, मडके कायम ओले. वळवाच्या पावसानंतर दोन दिवस थांबून मगच पाणी घालावे. जून ते सप्टेंबर हे महिने जास्त कसोटीचे. या दिवसांत पाणी घालणे जवळजवळ बंद करावे, जाळी मोकळी करावी, विष्ठा रोज उचलावी आणि वरचा पालापाचोळा दर पंधरवड्याला बदलावा. वाळवंटी जातींसाठी दिवा थोडा जास्त वेळ लावून त्या टोकाची हवा कोरडी ठेवता येते. वीज गेल्यावर गारठा आणि ओल एकत्र येतात, त्यावर लक्ष ठेवावे. दमट आणि उबदार हवा सापसुरळी सोसते, दमट आणि थंड हवा तिला आजारी पाडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पुन्हा मडक्याची काळजी घ्यावी, कारण बाहेर दव असले तरी दिव्याखालची हवा कोरडी होते.

चुकीच्या ओलाव्याची चिन्हे लवकर ओळखता येतात. डोळे खोल जाणे, चिमटीत धरलेली कातडी सावकाश पूर्ववत होणे, विष्ठेतला पांढरा भाग खडूसारखा घट्ट होणे, कातेचे तुकडे दिवसेंदिवस चिकटून राहणे ही कोरडेपणाची लक्षणे. पाणी दीर्घकाळ कमी पडले तर मूत्रपिंडांवर ताण येतो आणि यूरिक आम्ल सांध्यांत व अवयवांत साचते. अडकलेली कात ओढू नये. कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यात जनावर अर्धा तास ठेवावे आणि मग कापसाच्या बोळ्याने बोटाच्या टोकाकडे हळुवार पुसावे. उलट, पोटाच्या खवल्यांवर तांबूस डाग किंवा पाण्याचे फोड, नाकाशी बुडबुडे, तोंड उघडून श्वास घेणे, श्वासात घरघर ही अती ओल, घाण आणि कोंडलेल्या हवेची लक्षणे. यावर घरगुती उपाय नाही. माती काढून कोरडा कागद अंथरावा, ऊब नेमकी ठेवावी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जावे.

अंड्यांच्या बाबतीत ओलाव्याचा हिशेब आणखी काटेकोर होतो. निळ्या जिभेच्या जाती पिल्लांना जन्म देतात, पण आपल्याकडच्या मोठ्या सापसुरळीसारख्या अनेक जाती मऊ, चिवट कवचाची अंडी मातीत घालतात. ही अंडी मातीतून पाणी शोषतात आणि मोठी होतात. माती कोरडी पडली की ती खळी पडून आक्रसतात, चिखल झाला की गुदमरतात. पाळणारे व्हर्मिक्युलाईटमध्ये वजनाने तेवढेच पाणी मिसळून त्यात अंडी ठेवतात. अंडी ज्या बाजूने पडली असतील तीच बाजू वर ठेवावी, उलटवू नये.

शेवटी कायद्याचा मुद्दा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या, साइट्सच्या परिशिष्टांत नोंदलेल्या परदेशी जाती जवळ असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंदणी परिवेश या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. सॉलोमन बेटांवरची कोरुशिया झेब्राटा अशीच परिशिष्टातली आहे. ऑस्ट्रेलिया आपले जिवंत सरपटणारे प्राणी व्यापारासाठी बाहेर पाठवूच देत नाही, त्यामुळे तिथली म्हणून विकली जाणारी सापसुरळी कुठे जन्मली याचे कागद विकणाऱ्याकडून मागून घ्यावेत.

आपल्या शिवारातली सापसुरळी पकडून पेटीत घालू नये. तिला लागणारा ओलावा पाचटाच्या थरात आणि दगडी बांधाच्या फटीत आधीच असतो. ऊस तुटल्यावर पाचट न पेटवता सरीत राहू द्यावे. ओल धरून ठेवलेल्या त्या आच्छादनाखाली ती किडे शोधत फिरते.